केळं राहू द्या, आधी धूर बघा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात लहान मुलांच्या रात्रीच्या खोकल्यावर लिहिलं होतं आणि त्यात जाता जाता एक ओळ टाकली होती की लेकराला सारखा दम लागत असेल तर घरातला आणि आजूबाजूचा धूर आधी बघा. त्या एका ओळीवरच सगळ्यात जास्त पत्रं आली, काही पोस्टाने, बाकी व्हॉट्सॲपवर, काहींनी तर सरळ व्हॉइस मेसेज ठोकलेत. वाचताना एक गोष्ट डोळ्यात भरली. "केळी, दही, पेरू सगळं बंद केलंय" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे आणि "धूर बंद केलाय" हे एकाही पत्रात नाही. म्हणून यावेळचा अख्खा कॉलम यावरच. नावं कुणाचीच छापत नाही.

मॅडम नमस्कार. आम्ही खेड्यातून जालन्याला आलो, मिस्टर सळईच्या कारखान्यात कामाला आहेत, रूम एमआयडीसीच्या जवळच आहे. मुलगा ६ वर्षाचा. दिवाळी झाली की त्याला रात्री खोकला सुरू होतो, पहाटे ३-४ ला उठून बसतो, छातीतून सूं सूं आवाज येतो. डॉक्टर बाळदमा म्हणले. सासूबाई म्हणतात आमच्या खानदानात कुणालाच दमा नाही, तूच केळी आणि गार पाणी देऊन ही वेळ आणली. खरंच हवेने होतं का हे, का माझंच चुकलं?
– एक आई, जालना

ताई, तुमचं काहीही चुकलेलं नाही. केळ्याने दमा होत नाही. एखाद्या लेकराला एखाद्या पदार्थाची खरी ॲलर्जी असू शकते, पण तेव्हा खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात, ते लपून राहत नाही. सरसकट केळी-दही बंद करून लेकरं फक्त वाळतात, दम काही थांबत नाही.

दम्यात होतं काय, तर श्वासाच्या नळ्या आतून कायम थोड्या सुजलेल्या असतात, आणि काहीतरी टोचणारं आत गेलं की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट बेडका साचतो, हवा आत जाते पण बाहेर पडताना अडते, तोच तुम्हाला सूं सूं ऐकू येतो. हे टोचणारं म्हणजे धूर, धूळ, सर्दीचा व्हायरस, परागकण, थंड कोरडी हवा, काहीही. धुरातले सगळ्यात वाईट ते बारीक कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो यावरून अंदाज घ्या. नाकातले केस, घशातला चिकटा, कशालाच ते अडकत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात. लेकरू मोठ्या माणसापेक्षा भराभर श्वास घेतं, वजनाच्या मानाने हवा जास्त ओढतं आणि त्याचं फुफ्फुस अजून वाढतंय, त्यामुळे त्याच रूममधे, त्याच हवेत तुम्हाला काही होत नाही आणि त्याला होतं.

आता हवेने "होतं" का. असलेला दमा हवेने उसळतो यात काही शंका राहिलेली नाही. नवीन दमा सुरू होण्यातही हवेचा हात आहे असं दाखवणारा पुरावा वाढत चाललाय, २०१९ ला एक जागतिक अभ्यास आला होता त्यात जगात दरवर्षी मुलांमधे नव्याने सुरू होणाऱ्या दम्यापैकी सुमारे ४० लाख केसेस नायट्रोजन डायऑक्साइडशी, म्हणजे मुख्यतः गाड्यांच्या धुराशी, जोडल्या होत्या. आणि लंडनची एला अडू-किसी-डेब्रा ही ९ वर्षांची मुलगी, गर्दीच्या रस्त्याजवळ राहायची, २०१३ मधे दम्याने गेली, तिच्या आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि डिसेंबर २०२० मधे तिथल्या कोरोनरने (मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) मृत्यूच्या कारणांमधे हवेचं प्रदूषण लिहिलं. तिथेही आईलाच भांडावं लागलं बघा. खानदानात दमा नाही हे सासूबाई म्हणतात ते खरंही असेल, पण खानदान एमआयडीसीच्या शेजारी कधी राहिलं होतं?

दिवाळीनंतरच का, तर फटाके हे एक कारण झालं, पण ते चार दिवसांचं. खरी गोष्ट थंडीची आहे. संध्याकाळी जमीन लवकर गार होते, जमिनीलगतची हवा थंड राहते आणि वर कोमट हवेचा थर बसतो, पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखा. मग भट्टीचा धूर, गाड्यांचा धूर, शेकोट्या, शेतात जाळलेल्या पऱ्हाट्या, रस्त्याचा फुफाटा सगळं रात्रभर खालीच फिरत राहतं. त्यात सर्दी-पडशाचे व्हायरसही याच दिवसात. पहाटे ३-४ ला तो उठून बसतो, कारण दम्यात नळ्या तशाही पहाटेच जास्त आवळलेल्या असतात.

जालना काय, लातूर काय, संभाजीनगर काय, तिन्ही शहरं केंद्राच्या २०१९ च्या स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेचं प्रमाण न पाळणारी म्हणून यादीत आहेत. आपल्या देशाचं प्रमाण २४ तासांच्या सरासरीला एका घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५ असं आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासून १५ आहे. म्हणजे आपल्याकडे "प्रमाणात" असलेली हवासुद्धा लेकराला चांगलीच असेल असं नाही.

तुम्ही करायचं ते सांगते. मिस्टर कारखान्यातून आले की कपडे बाहेरच बदलू द्या, हातपाय धुवून मगच लेकराला जवळ घेऊ द्या, ते कपडे वेगळे धुवा. खिडक्या दुपारी उघडा, दिवेलागणीपासून सकाळचं ऊन वर येईपर्यंत बंद ठेवा, पण घरात चूल, शेगडी, कॉइल काही पेटलेलं असेल तर बंद खोली जास्त वाईट, ते आधी विझवा. झाडू मारून धूळ उडवण्यापेक्षा ओलं फडकं फिरवा. आणि डासाची कॉइल लावत असाल तर आजच बंद करा, एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. मच्छरदाणी लावा, ती स्वस्त आणि चांगली. एवढं करूनही औषध लागणारच आहे, त्याबद्दल पुढचं पत्र वाचा.

नातीला (वय ८) डॉक्टरांनी रोज सकाळ-संध्याकाळ पंप सांगितला आहे. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटची स्टेज असे सगळेच म्हणतात, शिवाय त्यात स्टिरॉइड असते व उंची खुंटते असे वाचले. तिला बरे वाटू लागल्यावर मी पंप बंद करायला लावला. त्रास झाला की दवाखान्यात मशीनची वाफ देऊन आणतो, लगेच आराम पडतो. हे बरोबर आहे ना?
– एक आजोबा, परभणी

काका, स्पष्ट बोलते, राग मानू नका. बरोबर नाही.

पंप दोन प्रकारचे असतात आणि सगळा घोळ तिथेच होतो. एक असतो तात्पुरत्या आरामाचा, सालब्युटामोल किंवा लेव्होसालब्युटामोल, बऱ्याचदा निळा असतो पण रंगावर जाऊ नका, नाव वाचा. तो आवळलेले स्नायू सोडवतो, पाच-दहा मिनिटात मोकळं वाटतं, पण सूज तशीच राहते. दुसरा रोजचा, ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन, तो सूज उतरवतो, त्याने लगेच काहीच जाणवत नाही, फरक दिसायला एकदोन आठवडे जातात आणि सोडला की सूज परत येते. नातीला बरं वाटत होतं ते या दुसऱ्या पंपामुळेच, आणि तुम्ही नेमका तोच बंद केलात. दवाखान्यातली वाफ म्हणजे बहुतेक वेळा पहिलंच औषध, फक्त मशीनमधून. साध्या अटॅकला स्पेसर, म्हणजे पोकळ प्लास्टिकचं नळकांडं, लावलेला पंप मशीनइतकंच काम करतो आणि मध्यरात्री रिक्षा शोधत फिरावं लागत नाही.

स्टिरॉइडचं. पंपातला डोस मायक्रोग्रॅममधे असतो, दिवसाला १०० ते २०० मायक्रोग्रॅम वगैरे, आणि तो थेट नळीत जातो. वारंवार अटॅक आला की जी स्टिरॉइडची गोळी किंवा सिरप द्यावं लागतं ते मिलिग्रॅममधे, १० मिलिग्रॅम म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम, तेही पोटातून, सगळ्या अंगात. म्हणजे स्टिरॉइड नको म्हणून पंप टाळायचा आणि मग पन्नासपट घ्यायचं असा उलटा व्यवहार चालतो. तीच गत दम्याच्या पांढऱ्या पुड्यांची, लेबल नसलेल्या असल्या पुड्यांमधे स्टिरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत, आराम पडतो तो त्याचाच. उंचीवर थोडा परिणाम होतो हे खरं आहे, लपवत नाही, लांब पल्ल्याच्या अभ्यासात मोठेपणी साधारण एक-सव्वा सेंटिमीटरचा फरक दिसलाय. पण रोज रात्री खोकणारं, झोप न झालेलं, धड न जेवणारं लेकरू तरी कुठे वाढतं.

सवय लागते म्हणतात त्याबद्दल एवढंच की चष्मा लावणाऱ्याला आपण व्यसनी म्हणत नाही. डोस कमी करायचा, थांबवायचा तो निर्णय डॉक्टरांचा, तोही साधारण तीन महिने सगळं शांत असेल तर.

आणि तिचं तंत्र एकदा बघा, निम्म्या घरांत औषध जिभेवरच राहतं. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, मास्क असेल तर नाकातोंडावर घट्ट धरायचा, आठ वर्षाच्या मुलीला खरं तर माउथपीस जमतो, ओठ नीट आवळून. एक दाब मारायचा, एकच, दोन एकदम नाही, मग तिला आरामात पाच-सहा श्वास घेऊ द्यायचे. दुसरा पफ असेल तर अर्धा मिनिट थांबून परत हलवून. रोजच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरं येतं. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळत ठेवायचा, फडक्याने पुसला की आत करंट बसतो आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

दरवर्षी मृगाला आमच्या गल्लीतून गाडी भरून लोक हैद्राबादला माशाचं औषध घ्यायला जातात. ह्यावर्षी पोराला न्यावं म्हणतोय, तीन वर्ष लागोपाठ घेतलं की कायमचा जातो म्हणतात. नेऊ का?
– नांदेड

भाऊ, जिवंत मरळ माशाच्या पिल्लाच्या तोंडात औषध भरून ते गिळायचं, शाकाहारी असेल तर गुळातून, हे मला माहिती आहे, आमच्याही नात्यातले जाऊन आलेत. त्याने दमा जातो याला वैज्ञानिक आधार नाही. दमा मुळातच कमीजास्त होणारा आजार आहे, काही मुलांचा वयाबरोबर आपोआप शांतही होतो, आणि तीन वर्षांत तसं झालं की नाव माशाचं होतं. माझी खरी भीती वेगळी आहे, तिथून आल्यावर लोक रोजचा पंप बंद करतात आणि मग थंडीत लेकरू आयसीयूत दिसतं. शिवाय धाप लागलेल्या पोराला तेवढ्या गर्दीत उभं करणं आणि जिवंत मासा गिळायला लावणं, घशात अडकला तर? मी नेलं नसतं. घरचे ऐकत नसतील तर निदान पंप एक दिवसही चुकवू नका.

मी बाळंतपणाला माहेरी आले आहे, बाळ दीड महिन्याचं आहे. आई रोज आंघोळ झाली की निखाऱ्यावर ओवा, बाळंतशोपा, वावडिंग, लसणाची सालं टाकून बाळाला धुरी देते, खोलीचं दार लावून. बाळ शिंकतं, डोळे चोळतं. आई म्हणते कफ सुटतोय. मला बघवत नाही पण बोलता पण येत नाही.
– हिंगोली

बाई गं, शिंकतंय म्हणजे त्याला टोचतंय. कफ वगैरे काही सुटत नाही. ओवा चांगला असेल, बाळंतशोपा चांगल्या असतील, पण जळल्यावर धूर तो धूरच, आणि दार लावलेल्या खोलीत निखारे म्हणजे कार्बन मोनॉक्साइडची भर, त्याला ना वास ना रंग. शेक-शेगडीने बाळबाळंतीण दगावल्याच्या बातम्या उगाच येत नाहीत.

आईला प्रेम करू द्या, फक्त निखारा काढून टाका. आंघोळीनंतर बाळ पटकन कोरडं करायचं, टोपडं, लंगोट, मऊ लुगड्यात गुंडाळून तुझ्या उघड्या छातीशी धरायचं, याच्याइतकी ऊब शेगडीत नाही. आईशी वाद घालू नकोस, तिच्या आईनेही हेच केलं होतं. पुढच्या लसीकरणाला तिला सोबत घेऊन जा आणि सिस्टरला तिच्या समोर विचार, आपल्याकडे लेकीपेक्षा सिस्टरचं पटकन ऐकतात. आणि घरात कुणी बिडी ओढत असेल तर अंगणात ओढतो म्हणून चालत नाही, धूर कपड्यात, मिशीत बसतो आणि तोच माणूस आत येऊन बाळाचा मुका घेतो.

नमस्कार डॉक्टर, मी कॉलेजला आहे, चुलत्यासाठी लिहितोय. चुलता-चुलती दसरा झाला की ऊसतोडीला जातात, पार मार्च-एप्रिललाच माघारी येतात. सोबत ४ वर्षाची पोरगी असते, गावात सांभाळायला कुणी नाही. तिला दमा आहे, मागच्या सीझनला तिकडं दोनदा ॲडमिट केली, मुकादमाकडून वरून पैसे घ्यावे लागले, ते अजून फिटले नाहीत. कोपीतच, म्हणजे राहायच्या झोपडीतच चूल, पाचट पेटवलं की सगळा फड धुराने भरतो. तिकडं डॉक्टर रोज बदलतो. काय न्यायचं सोबत आणि काय करायचं?
– जि. बीड

तुझं पत्र मी परत परत वाचलं. तुझ्या चुलतीला काय करा काय करू नका एवढंच सांगून मोकळं होणं मला पटत नाही, पहाटे ४ ला उठून फडात जाणाऱ्या बाईला "घरातला धूर टाळा" म्हणणं सोपं असतं. तरी जेवढं होण्यासारखं आहे तेवढं लिहिते.

निघायच्या आधी, म्हणजे दसऱ्याच्या आधीच, पोरीला डॉक्टरकडे नेऊन रोजचा पंप सुरू करून घ्या किंवा चालू असेल तर डोस पक्का करून घ्या, थंडी सुरू होण्याच्या आधी सूज उतरलेली पाहिजे. पंपाच्या डब्यावर किती पफ आहेत ते लिहिलेलं असतं, १२० किंवा २००. दिवसाला दोन पफ असतील तर १२० चा पंप ६० दिवस, २०० चा १०० दिवस. सहा महिन्याचा हिशोब काढ आणि तेवढे घेऊन जा, पंप मोकळा झाला तरी फुस्स आवाज येत राहतो आणि आईबापाला वाटतं औषध चालू आहे, म्हणून डब्यावर सुरू केल्याची तारीख पेनने लिही. आरामाचा पंप वेगळा, तो एक जास्तीचा. सालब्युटामोल आणि ब्युडेसोनाइड दोन्ही पंप केंद्र सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत, त्यामुळे आधी सरकारी दवाखान्यात विचारा, नाही मिळाले तर जेनेरिक दुकानात. पंप चुलीजवळ किंवा ट्रॅक्टरवर उन्हात ठेवायचा नाही, गरम झाला तर फुटू शकतो.

स्पेसर परवडत नसेल तर अर्ध्या लिटरची कोल्ड्रिंकची प्लास्टिक बाटली घे. स्वच्छ धुवून कोरडी कर, बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाड, तार तापवून पाडता येतं, कडा गुळगुळीत कर, पंप बुडातून घट्ट बसला पाहिजे, फट राहिली तर टेप लाव. बाटलीचं तोंड पोरीच्या तोंडात. चार वर्षाची असल्याने तिला ओठ आवळून जमेल की नाही ते आधी घरी सराव करून बघा, नसेल जमत तर बाटलीच्या तोंडाला लहान मुलांचा मास्क बसवावा लागेल. हे जुगाड म्हणून हसू नकोस, दक्षिण आफ्रिकेत दम्याच्या मुलांवर याचा नीट अभ्यास झाला होता, १९९९ ला लॅन्सेटमधे छापूनही आला, अर्ध्या लिटरची बाटली विकतच्या स्पेसरच्या तोडीस तोड निघाली.

कोपीचं. चूल कोपीच्या बाहेर, वारा ज्या दिशेला जातो त्या बाजूला मांडायची, म्हणजे धूर कोपीत घुसत नाही. ओलं सरपण आणि पाचट चुलीत घालू नये, वाळलेली लाकडं कमी धूर करतात. गॅस असेल तर छोटा सिलिंडर सोबत नेलेला सगळ्यात बरा, निदान पोरगी उठायच्या वेळचा चहा आणि रात्रीची भाकरी त्यावर. फड पेटवायचा असेल तेव्हा तिला दूर, वारा जिकडून येतो त्या बाजूला न्या. टोळीतल्या बाकीच्या बायांनाही सांगा, दहा कोप्या जवळजवळ असतात, एकीची चूल बाहेर आणि नऊ आत असं करून उपयोग नाही.

डॉक्टर बदलतो म्हणतोस, तर एक कागद कर. त्यावर आजाराचं नाव, दोन्ही पंपांची नावं आणि डोस, आधी ॲडमिट केल्याच्या तारखा, आणि डॉक्टरकडून लिहून घेतलेलं "अटॅक आल्यावर किती पफ, किती वेळाने, कधी दवाखाना". प्लास्टिकच्या पिशवीत घालून चुलतीकडे दे आणि एक फोटो चुलत्याच्या मोबाइलमधे. पोरीच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढायला लागली, नाकपुड्या फुलायला लागल्या, बोलता किंवा पाणी पिता येईना, ओठ निळसर झाले किंवा ती गळून झोपाळली तर वाट बघायची नाही, पंप देत देत १०८ ला फोन. सीमेपलीकडे कर्नाटकात गेले तरी १०८ चालतो. आणि छातीतला आवाज एकदम बंद झाला पण पोरगी थकलेलीच आहे तर तो आराम नाही, हवाच जात नाहीये, हे चुलतीला नीट समजावून सांग.

ॲडमिटच्या खर्चाचं, उचलीचं मला उत्तर नाही रे. पण एका ॲडमिटच्या बिलात सीझनभराचे पंप येऊन वर पैसे उरतात, हे चुलत्याला आकडे मांडून दाखव.

जि.प. शाळेवर शिक्षक आहे. वर्गात दोन मुले दम्याची आहेत. मोबाइलवर हवेचा आकडा बघून मैदानावर सोडायचे की नाही ठरवावे का? मास्क लावायला सांगू का? परिपाठाला ही दोघे हमखास खोकतात. आणि हवा सुधारली की मुलांची फुफ्फुसे सुधारतात का?
– लातूर जिल्हा

सर, तुम्ही विचारलंत यातच अर्धं काम झालं. आपल्या देशाच्या निर्देशांकात ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत खराब, त्यापुढे अति खराब आणि गंभीर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं समीर नावाचं ॲप आहे, पण ते मशीन असलेल्या शहरांचंच सांगतं. खेड्यात मशीन नसतं, बाकीची ॲप जवळच्या शहराचा आकडा किंवा अंदाज दाखवतात, आणि तुमच्या शाळेमागे कुणी भुसकट पेटवलं असेल तर ते कुठल्याच ॲपला कळत नाही. तुमचे डोळे आणि नाक जास्त भरवशाचे. धूर दिसतोय, वास येतोय, तर खेळाचा तास दुपारी घ्या.

परिपाठाला का खोकतात याचं उत्तर बहुतेक तुमच्या मैदानात आहे. परिपाठाच्या आधी पोरांकडून मैदान झाडून घेतात ना? आधी पाणी मारा, आणि त्या दोघांच्या हातात झाडू देऊ नका. दुसरं, कुंपणाला गाजर गवत असेल तर पाऊस संपायच्या आत, फुलं यायच्या आधी उपटून टाका, मोठ्या माणसांनी, हातमोजे घालून. १९५० च्या दशकात परदेशी गव्हासोबत आलं असं म्हणतात ते हे गवत, आज आपल्याकडे एकही बांध त्याच्याशिवाय नाही, आणि त्याच्या परागाने कातडीही उठते आणि दमही लागतो.

मास्क कापडी असेल तर बारीक कणांना उपयोग नाही, एन-९५ उपयोगाचा पण लहान चेहऱ्यावर नीट बसत नाही आणि धाप लागलेल्या पोराला तर लावूच नका. त्यापेक्षा दोघांचे पंप आणि स्पेसर शाळेत ठेवा, कुलपात नाही, हाताशी. अटॅक आला तर मुलाला आडवं झोपवू नका, बसवा, थोडं पुढे झुकवून, घट्ट बटणं सोडा, भोवतीची गर्दी हटवा, पंप द्या, पालकांना फोन. पाणी पाजणं, पाठ चोळणं, कांदा हुंगवणं हे सगळं नंतर, किंवा नाहीच केलं तरी चालतं.

हवा सुधारली की मुलांची फुफ्फुसं सुधारतात का असंही तुम्ही शेवटी विचारलंय. हो. दक्षिण कॅलिफोर्नियात १९९० च्या दशकापासून हजारो शाळकरी मुलांची फुफ्फुसं मोजत गेले, तिथली हवा कायद्याने जसजशी स्वच्छ झाली तसतशी पुढच्या बॅचची फुफ्फुसं जास्त चांगली वाढलेली निघाली, दमा असलेल्यांची आणि नसलेल्यांचीही. ग्रामसभेत कचरा आणि काड जाळण्याचा विषय काढाल तेव्हा हे सांगा.

मी सातवीत आहे. मी फास्ट बॉलर आहे पण तीन ओव्हर टाकल्या की दम लागतो आणि शिट्टी वाजते. मम्मी म्हणते क्रिकेट बंद. मित्र पंपाला हसतात म्हणून मी तो घरीच ठेवतो. क्रिकेट सोडावं लागेल का?
– धाराशिव

नाही सोडायचं. पण पंप घरी ठेवून बॉलिंग टाकणं बंद. तुझ्या डॉक्टरांना विचार की खेळायच्या १०-१५ मिनिटं आधी आरामाचे पफ घेऊ का, बऱ्याच जणांना ते सांगतात. एकदम रनअप घेऊ नकोस, दहा मिनिटं हळूहळू वॉर्मअप कर, श्वास नाकाने घे, थंडीत पहाटेच्या मॅचला तोंडावर रुमाल बांधून वॉर्मअप कर. आणि साधारण खेळतानाही शिट्टी वाजतेय म्हणजे रोजचा पंप एकतर चुकतोय किंवा कमी पडतोय, मम्मीला हे दाखव आणि दोघं जाऊन डॉक्टरांना भेटा. पिचवर पाणी मारून खेळा, फुफाटा कमी उडतो.

हसणाऱ्या मित्रांना स्टुअर्ट ब्रॉडचं नाव सांग. युवराजने २००७ ला ज्याला सहा बॉलवर सहा सिक्स हाणले तोच. त्याला लहानपणापासून दमा आहे, आणि त्या ओव्हरनंतरही तो खेळत राहिला, टेस्टमधे ६०४ विकेट घेऊन रिटायर झाला.